उतारावरची खडी
आज पहाटे खडकवासला ते पानशेत रस्ता सायकलवरून पाहून आलो, पुढच्या महिन्यातल्या आमच्या शर्यतीसाठी. चढाची काळजी नव्हतीच, काळजी उताराची. एका वळणावर डांबर उखडून बारीक खडी पसरलीय. गाडीतून ती जाणवतही नाही, पण २५ मिमीच्या टायरवर घोळका वेगात आला आणि पुढचा घसरला, की मागचे सगळे त्याच्यावर. शेवटची रेषा त्या वळणानंतर लगेच होती. ती दोन किलोमीटर पुढे, सपाट पट्ट्यावर नेली.

फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे सायकल शर्यतीत ५० किलोमीटरहून जास्त दगडी रस्ता मुद्दाम ठेवतात. पण तिथे सगळे रुंद टायर लावून, हवा कमी ठेवून, तयारीनिशी उतरतात. आमच्या पोरांना निदान आधी कळायला हवं! उद्या आम्ही चौघं झाडू घेऊन परत जातोय.