रात्री तीनचा लोड

एम.ई.च्या प्रबंधाला विषय घेतला: फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून गावात वीज आणणाऱ्या लाईनवर, कपॅसिटर कुठे आणि केवढा बसवला की लाईन लॉस, म्हणजे तारांतच वाया जाणारी वीज, सगळ्यात कमी होतो. आपल्या चिपळूणच्या एखाद्या फीडरचा डेटा मिळेल या आशेने महिनाभर पायऱ्या झिजवल्या. मिळाला नाही. मग सगळे घेतात तेच 33 बसचं (बस म्हणजे लाईनवरचा जोडबिंदू) नमुना नेटवर्क घेतलं, बरान आणि वू यांच्या 1989च्या पेपरमधलं. 12.66 केव्ही, लोड 3.715 मेगावॅट, लॉस साधारण 202 किलोवॅट.

हा 202 जुळवतानाच माझे आठ दिवस गेले. शेवटी डेटाच्या एका ओळीत आर आणि एक्सची, म्हणजे तारेच्या रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्सची, अदलाबदल सापडली. ती दुरुस्त केली आणि अठराव्या बसचं व्होल्टेज पेपरसारखं बरोबर मूळ व्होल्टेजच्या 0.913 पट आलं. त्या दिवशी आईकडून दोनदा चहा मागून घेतला.

पुढे पार्टिकल स्वार्म, म्हणजे हजारो पर्याय तपासत सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारा प्रोग्रॅम. आषाढात तो रात्रभर चालवायचा म्हणजे जुगारच. दोनदा लाईट गेली आणि लॅपटॉपच्या म्हाताऱ्या बॅटरीसकट सगळा रन बुडाला. तेव्हापासून दर दहा फेऱ्यांनी निकाल फाईलमध्ये लिहायला लावला. उत्तर आलं: बस 30, सुमारे 1250 केव्हीएआर, लॉस 151 किलोवॅटच्या आसपास. केव्हीएआर हे रिॲक्टिव्ह पॉवरचं माप: मोटरसारख्या यंत्रांना ती लागते, पण तिने प्रत्यक्ष काम होत नाही, आणि कपॅसिटर ती जागेवरच पुरवतो. पटण्यासारखं होतं. त्या एका बसवरच 600 केव्हीएआरची मागणी आहे, आणि ती पार सबस्टेशनपासून ओढून आणावी लागते. जवळच भागली की लाईनमधला करंट घटतो, आणि लॉस तर करंटच्या वर्गाने बदलतो.

काका लाईनवर नोकरी करून निवृत्त झालेले. ओटीवर सुपारी कातरत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री तीनला गाव झोपल्यावर काय करतो रे तुझा कपॅसिटर?"

रात्रीच लोड निम्मा करून पाहिला. फायदा जवळजवळ शून्य! 30 टक्क्यांवर आणला तर लॉस कपॅसिटर नसतानाच्या दुपटीच्या आसपास. नको असलेली रिॲक्टिव्ह पॉवर उलटी सबस्टेशनकडे वाहत होती. अख्खा प्रबंध एका संध्याकाळच्या लोडवर उभा केला होता मी, आणि हे गाईडच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग एकच मोठा कपॅसिटर सोडून टप्प्याटप्प्याने चालू-बंद होणारी बँक धरली, आणि किलोवॅटऐवजी वर्षाच्या 8760 तासांतले युनिट मोजले. लोडचे तीन स्तर: रात्र, एरवीचा दिवस, आणि चाकरमानी गावात असतानाचा. शेवटच्या स्तराचे तास अंदाजाने घातले.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमके तिथेच थांबले. "गणपती किती दिवसांचे धरलेत?"

"सात, सर."

"आमच्या मालवणच्या घरी एकवीस असतात," म्हणाले, आणि पान उलटलं.