सायन लागतच नाही: ड्युर्स्ट एम ६०५ ची पुढची नोंद

मागच्या नोंदीत माझा ड्युर्स्ट एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, सतरंजीवर सुटा होऊन पडला होता. आता तो उभा आहे आणि प्रिंटही देतोय. मधल्या दोन महिन्यांतला निम्मा वेळ मी माझीच चूक शोधण्यात घालवला, म्हणून ही नोंद जरा लांबेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एम ६०५ कलर, ३५ मिमीपासून ६×६ पर्यंतच्या निगेटिव्हसाठी, आत १२ व्होल्ट १०० वॅटचा हॅलोजन. साताऱ्याच्या एका बंद होत आलेल्या स्टुडिओतून आणला. मालक काका म्हणाले, "ने गं पोरी, माळ्यावर जागा अडवून बसलंय." त्यांनी याच्यावर रंगीत काम जवळपास केलंच नव्हतं. मिनिलॅब, म्हणजे रोल झटपट धुऊन प्रिंट देणारी मशीन, आल्यावर रंगीत रोल पुण्याला जायला लागले आणि हा बिचारा यलो, मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि सायन (आकाशी) या फिल्टरच्या तिन्ही डायल शून्यावर ठेवून वर्षानुवर्षं पासपोर्टचे कृष्णधवल फोटो काढत राहिला. पुढचं सगळं रामायण त्या शून्यापासून सुरू होतं.

पण आधी वीज. मूळ ट्रान्सफॉर्मरची वायर हातात घेतली तर बिस्किटासारखी मोडली, आणि अर्थिंगचा पत्ताच नव्हता. बल्बचा सिरॅमिक होल्डर काळा पडलेला. १०० वॅट म्हटलं की किरकोळ वाटतं, पण १२ व्होल्टला ते सव्वाआठ अँपिअर होतात. होल्डरची पकड जराशी ढिली झाली की तिथेच जळतं. नवा होल्डर घातला आणि वायरी क्रिंप करून जोडल्या. तिथे सोल्डर करू नका, बल्बच्या उष्णतेने ते मऊ पडतं.

ट्रान्सफॉर्मर मी सरळ बाजूला ठेवला. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २१० वर येतं आणि मध्येच फ्रिज सुरू झाला की दिवा मान टाकतो. कृष्णधवलमध्ये हे चालून जातं, रंगीतमध्ये नाही. व्होल्टेज ५ टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड साधारण १५ टक्के कमी होतो, शिवाय उरलेला उजेड तांबूस होतो. म्हणजे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रिंट, दोन रंग. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट १६.५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा पॉवर सप्लाय, आणला. जोडला, बटण दाबलं, दिवा एकदा लुकलुकला आणि बंद. पुन्हा लुकलुक, पुन्हा बंद. थंड फिलामेंटचा रोध गरम असतानाच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी तो इतका करंट ओढतो की एसएमपीएसला शॉर्ट झाल्यासारखं वाटतं. मध्ये एक ओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की ज्याचा रोध कमी होतो असा भाग) घातल्यावर शहाण्यासारखा पेटला. बल्बच्या पायांशी मोजलं तर ११.४ व्होल्ट, बाकीचे वायर आणि थर्मिस्टरने खाल्ले. जाड वायर टाकली आणि एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून बल्बपाशी बरोबर १२ आणले. मोजायचं ते बल्बपाशीच. आता फ्रिज खुशाल सुरू होऊ दे.

हेड, म्हणजे दिवा आणि फिल्टर असलेला वरचा भाग, उघडल्यावर कळलं की तिन्ही डायल का हलत नव्हत्या. ग्रीसचा डिंक झाला होता, अगदी बाभळीच्या खोडावर असतो तसा, पिवळा, काचेसारखा. लायटर फ्लुइड, जुना टूथब्रश आणि दोन रविवार. फिल्टर मात्र उत्तम निघाले. डायक्रोइक असल्यामुळे काचेवरच्या अतिशय पातळ थरांनी रंग वेगळा होतो, उडून जाईल असं रंगद्रव्यच त्यात नाही. धूळ फुंकणीने उडवली आणि बोटाचा एक जुना ठसा आयसोप्रोपिलने पुसला, बस. साफ करण्यासाठी डायल दांड्यांवरून काढल्या. काढण्याआधी यलो आणि मॅजेंटाच्या दांड्यावर सुईने खूण केली. सायनच्या केली नाही. रंगीत निगेटिव्हवरून प्रिंट काढताना सायन लागतच नाही, शून्यावरच राहतो, मग कशाला? असा विचार केल्याचं मला स्पष्ट आठवतंय.

फिल्टरमधून आलेला उजेड ढवळून सारखा करणाऱ्या मिक्सिंग बॉक्सची अवस्था वाईट होती. आतलं थर्माकोल जुन्या पुस्तकाच्या पानासारखं पिवळं पडलेलं, बोट लावलं की भुगा. हे नुसतं दिसायला वाईट नाही, तो पिवळेपणा म्हणजे कायमचा बसवलेला, मोजता न येणारा यलो फिल्टरच. घट्ट दाण्याचं थर्माकोल ब्लेडने कापून नवा बॉक्स केला, खाली ३ मिमीचा दुधी अॅक्रिलिक. दिवा सलग पाच मिनिटं लावून ठेवला, कुठे वितळलं-वाकलं नाही. लेन्स वर-खाली करायच्या घडीच्या भात्याला दोन भोकं होती. अंधारात आत टॉर्च ठेवली की चांदणीसारखी दिसतात. काळ्या कापडाचं ठिगळ लावलं. बेसबोर्ड फुगला होता, नवा मरीन प्लाय. लेन्स माझीच जुनी एल-निक्कोर ५० मिमी, ३९ मिमीच्या आट्यांची, आणि ६×६ साठी ८० मिमीची कंपोनॉन. तिच्यात पावसाळ्याची बुरशी होती, ती निघाली.

मग प्रिंट. कागद एका लग्नाच्या अल्बमवाल्या लॅबकडून, रोलचा उरलेला शेवट. पूर्ण अंधारात, चाचपडत, पुठ्ठ्याच्या मापाने कापायचा. रंगीत कागद धुण्याची आरए-४ ची रसायनं ३५ अंशांना, डेव्हलपर ४५ सेकंद. पुण्यात एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंही तेवढंच असतं, हीटर लागला नाही.

पहिली प्रिंट लालभडक. ठीक आहे, प्रिंटमध्ये जो रंग जास्त दिसतो त्याच रंगाचा फिल्टर वाढवायचा. लाल म्हणजे यलो आणि मॅजेंटा दोन्ही. वाढवत गेले. करडा रंग करडा दिसेपर्यंत यलो ७८, मॅजेंटा ७० आणि ८×१० इंची प्रिंटला, लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवून, २४ सेकंद! प्रिंट बरी होती, पण आकडे पटत नव्हते. तोच कागद वापरणाऱ्या नाशिकच्या मित्राला निम्मा वेळ पुरत होता. मशीन वेगळं, फिल्टरचे आकडे जुळणार नाहीत हे मान्य, पण वेळ दुप्पट?

मी कागदावर संशय घेतला. मग रसायनांवर. मग थर्मिस्टरवर, मग नव्या अॅक्रिलिकवर, तो काढून वेगळा घातला. तीन आठवडे गेले. एसएमपीएस १२.३ ला नेऊन पाहिला, बल्बचं आयुष्य कमी केलं, हाती काही नाही.

शेवटी एका रात्री कंटाळून मिक्सिंग बॉक्स काढला, उजेड येतो त्या तोंडावर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि तिन्ही डायल शून्यावर ठेवून दिवा लावला. गोल पांढरा असायला हवा होता. एका कडेला नखाएवढी निळसर कोर होती, चतुर्थीच्या चंद्रासारखी. सायनची डायल शून्याच्या अलीकडे फिरवली, जिथे आकडेच नाहीत. कोर बारीक होत गेली आणि गेली. उजेड डोळ्याला कळेल इतका वाढला.

म्हणजे डायल शून्य सांगत होती आणि फिल्टर आत डोकावत होता. परत बसवताना मी ती अंदाजाने बसवली होती. बॉक्समध्ये सगळा उजेड ढवळला जातो, त्यामुळे कोर प्रिंटवर कुठे दिसणं शक्यच नव्हतं, सगळी प्रिंट सारखीच लाल. आणि तो लालपणा मारायला मी यलो आणि मॅजेंटा ओतत होते. तिन्ही रंग एकत्र आले की नुसता राखाडी अडथळा होतो, रंग काही बदलत नाही, उजेड तेवढा खातो. हे वाक्य मीच नव्या लोकांना दहा वेळा सांगितलं असेल.

डायल ढिली केली, फिल्टर पूर्ण बाहेर, शून्य शून्यावर, स्क्रू आवळला. आणि हो, दांड्यावर खूण केली. आता त्याच निगेटिव्हला यलो ५०, मॅजेंटा ४२, वेळ साडेबारा सेकंद. जुना मिक्सिंग बॉक्स असताना एकही रंगीत प्रिंट काढली नव्हती याचं आता वाईट वाटतं, पिवळ्या थर्माकोलने नक्की किती यलो खाल्ला होता ते कळलं असतं.

एक गोष्ट राहिली आहे. थर्मिस्टर गरम व्हायला दोन-तीन सेकंद घेतो, तेवढा वेळ दिवा मंद आणि तांबूस. बारा सेकंदांच्या एक्स्पोजरला फरक दिसत नाही, पाच-सहाला दिसतो. थर्मिस्टरला समांतर रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून एका सेकंदाने तो बाजूला करायचा विचार आहे. कोणी केलं असेल तर रिले किती अँपिअरचा घेतलात ते सांगा.

एन्लार्जर आणायला गेले होते तेव्हा काकांच्या स्टुडिओचा दर्शनी भाग माझ्या याशिका कॅमेऱ्यावर टिपला होता, निळं शटर, वर पुसट झालेली पाटी. पहिली नीट प्रिंट त्याचीच काढली आणि परवा साताऱ्याला नेऊन दिली. काकांनी चष्मा वर करून, प्रिंट दारात उजेडाला धरून पाहिली. बराच वेळ पाहिली. "निळं जरा जास्त झालंय," म्हणाले.

खरंच झालं होतं. घरी येऊन यलो ४ ने कमी केला.