वटवाघळांसाठी ताशी तीस

रात्रीचे अकरा वाजून गेलेले, रुंद मोकळा पूल, मागेपुढे एक दिवा नाही, आणि आमची गाडी तिशीने रांगतेय. चालवणारी मैत्रीण इथली, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचीच. "अगं, दाब की जरा," म्हटलं तर शांतपणे म्हणाली, "वटवाघळं."

चेष्टा नव्हती. एल्बे नदीवरच्या वाल्डश्लॉसशेन पुलावर एप्रिल ते ऑक्टोबर रात्रीची वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटर आहे. नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेलं एक वटवाघूळ नदीकाठाने उडतं, ते गाड्यांवर आपटू नये म्हणून. वजन दहा ग्रॅमच्या आत. त्याच्यापायी 2007 मध्ये कोर्टाने पुलाचं काम थांबवलं होतं. पुढे वरच्या कोर्टाने परवानगी दिली, तीही वेगमर्यादेसारख्या अटी घालून. हे ऐकताना मला आरे आठवलं. रात्रीतून कापलेली ती झाडं. तिथे बिबटे होते हो, दहा ग्रॅमचं पाखरू नव्हे! घरी येईपर्यंत मी गप्प होते.

पण याच पुलाची दुसरी गोष्ट हे लोक आपणहून सांगत नाहीत. इथलं एल्बेचं खोरं 2004 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आपल्या सीएसटीबरोबर, त्याच वर्षी. 2005 मध्ये शहराने सार्वमत घेतलं, दोन तृतीयांश मतं पुलाला पडली. युनेस्को म्हणत होती, पूल नको, नदीखालून बोगदा काढा. शहराने पूलच बांधला. 2009 मध्ये यादीतून नाव गेलं. अशी वेळ युरोपात पहिल्यांदा याच शहरावर आली. म्हणजे वटवाघळाचं ऐकलं, युनेस्कोचं नाही.

म्हणूनच परवा जेवणाच्या टेबलावर एकाने विचारलं, "भारतात जुन्या इमारतींकडे फारसं लक्ष देत नाहीत ना?" तेव्हा मी सोडलं नाही. आमचं सीएसटी अजून यादीत आहे म्हटलं, आणि तिथून रोज लाखो माणसं लोकल पकडतात. 2025 मध्ये आमचे किल्लेही यादीत आले. गडांवरच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा विषय मी कशाला काढू?

मात्र फ्राउएनकिर्खसमोर माझी बोलती बंद होते. 1945 च्या बॉम्बफेकीत कोसळलेलं हे चर्च पूर्व जर्मनीच्या सगळ्या काळात ढिगारा होऊन पडून होतं. 1994 ते 2005 मध्ये ते पुन्हा उभं केलं, ढिगाऱ्यातले चांगले दगड शोधून, शक्य तिथे त्यांच्या मूळ जागी बसवून. जुने दगड काळे, नवे पिवळसर, त्यामुळे भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसते. घुमटावरचा सोनेरी क्रूस ज्या ब्रिटिश कारागिराच्या हातचा आहे, त्याचे वडील त्या बॉम्बफेकीतले वैमानिक होते. एवढा जीव एखाद्या इमारतीत ओतणाऱ्या गावाला यादीतल्या नावाची फिकीर नसावी, हे मला आता थोडं कळतं.

त्या सार्वमताच्या वेळी मी इथे नव्हते, आणि परदेशी म्हणून आजही मत नाही. असतं तर पुलालाच दिलं असतं. लेकीची बालवाडी नदीपलीकडे आहे, आणि बोगद्यात मला गुदमरतं.