निळा की जांभळा? एका रकान्याने खाल्लेले तीन आठवडे

रविवार पेठेतल्या दुकानात ट्यूबलाइटखाली घेतलेले मणी फिकट निळे होते. घरी गॅलरीत पुडी उघडली तर जांभळे! पुडी बदलली असं वाटून मी दुसऱ्या दिवशी तावातावाने परत गेले. काकांनी एक मणी उचलून बाहेर उन्हात धरला, मग आत आणला. "निओडिमियमची काच आहे ताई, तिचा गुणच तो."

निओडिमियम या धातूचा अंश असलेली ही काच पिवळा प्रकाश शोषून घेते. उन्हात सगळे रंग असतात, त्यातला पिवळा वजा झाला की काच जांभळी दिसते. ट्यूबच्या प्रकाशात मुळात मोजकेच रंगपट्टे असतात, म्हणून तिथे निळी. दिव्यावर मणी घडवणारे कारागीर जो खास चष्मा लावतात त्याच्या काचेतही निओडिमियम असतं. ज्योतीचा पिवळा झगझगाट तो अडवतो.

हार ओवायला दोन संध्याकाळी पुरल्या. अडलं ते विक्रीच्या साइटवर.

तिथल्या फॉर्मात 'रंग' हा एकच रकाना, आणि यादीतून एकच निवडायचा. मी निळा निवडला आणि चार फोटो टाकले, दोन ट्यूबखालचे, दोन खिडकीतले. दोन दिवसांनी उत्तर आलं, "फोटो एकाच वस्तूचे नाहीत." सविस्तर खुलासा लिहिला. पुन्हा तेच वाक्य, जसंच्या तसं. शेवटी कंटाळून फक्त निळे फोटो ठेवले, तर तासाभरात मंजूर! आठवड्यात हार गेलासुद्धा, आणि परतही आला. कारण: "निळा मागवला, जांभळा पाठवला." त्या ताईंचं काय चुकलं? त्यांनी तो दिवसाउजेडी उघडला असणार. जाण्यायेण्याचा कुरिअरखर्च मात्र माझ्याच माथी. मदतकेंद्राला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, खरा रंग कोणता ते सांगा." मी म्हटलं, दोन्ही खरे आहेत. तो म्हणाला, "तसा पर्याय नाही." तीन आठवडे हेच चाललं होतं. अजून आठवलं की डोकं तापतं.

अखेर वाट सापडली. 'मल्टीकलर' निवडलं, आणि पहिल्याच फोटोत तोच हार दोनदा जोडून दाखवला, डावीकडे ऊन, उजवीकडे ट्यूब, वर ठळक अक्षरांत 'एकच हार, दोन उजेड'. सोबत खिडकीपासून ट्यूबखाली हार नेतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, मध्ये कुठेही न कापता. मंजूर झालं! त्या दिवशी घरात पेढे आणले.

फोटो काढताना मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा, नाहीतर तो आपल्या मनाने रंग सुधारत बसतो. एलईडीवर विसंबू नका, प्रत्येक बल्ब वेगळा रंग दाखवतो. आणि हो, दोरा! मी आधी मण्याला जुळता जांभळा घेतला होता. ट्यूबखाली मणी निळे झाले आणि दोरा एकटाच जांभळा उठून दिसला, अख्खा हार उसवावा लागला. करडा दोरा घ्या किंवा चांदीची तार. कानातल्यांच्या जोडीला दोन्ही मणी एकाच जाडीचे निवडा, कारण जाड मण्यात रंग गडद दिसतो.

परत आलेला तो हार आता माझ्या बहिणीकडे आहे. हळदीकुंकवाला दुपारी निघाली तेव्हा तो जांभळा होता, आणि यजमानीणबाईंच्या हॉलमध्ये ट्यूब लागल्यावर तिघींनी तिला विचारलं, हार कधी बदललास?