अर्धा सेकंद

कामानिमित्त मिलानला गेलो होतो, तेव्हा फुटपाथला लागून उभी असलेली फेरारी रोमा पहिल्यांदा जवळून पाहिली. राखाडी रंग, बॉनेटवर पावसाचे थेंब. पाय तिथेच खिळले.

आकडे मला पाठ होते. ३.९ लिटरचं, दोन टर्बो असलेलं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन, ६२० अश्वशक्ती, शून्य ते ताशी शंभर किलोमीटर ३.४ सेकंदांत. त्याच घरातली एफ८ ट्रिब्युटो ७२० अश्वशक्तीची, २.९ सेकंदांत शंभर गाठते. कागदावर रोमा सरळ हरते. २०१९ साली दोन्ही जगासमोर आल्या, तेव्हा मीही मित्राशी एफ८च्या बाजूने तावातावाने भांडलो होतो.

पण एफ८च्या अंगावर हवेसाठी जागोजागी खाचा आहेत. रोमाची बाजू बघा, पुढच्या चाकावरून निघालेली रेष मागच्या भरदार खांद्यापर्यंत कशी वाहत जाते! पुढची जाळीसुद्धा बॉडीच्याच रंगात मिसळलेली. स्पॉयलर, म्हणजे हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला धरून ठेवणारी पट्टी, मागच्या काचेच्या खालच्या कडेला दडलेला, वेग वाढला की वर येतो. हवेचं गणित सोडलेलं नाही, नुसतं नजरेआड ठेवलंय. ही मेहनत कुठल्या तक्त्यात मांडणार?

तो अर्धा सेकंद मी आनंदाने सोडेन. मित्राला तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, बाबा रे, मी चुकलो होतो.