गव्हाळ म्हणजे नेमका कुठला गहू?

माझ्या लग्नाच्या बायोडाटात आईने ‘वर्ण : गव्हाळ’ असं लिहिलं होतं. मी सावळी आहे. सावळी लिहिलं तर फोटो न बघताच स्थळं नकार कळवतील अशी तिला धास्ती होती. २०१३ सालची गोष्ट. आजूबाजूचे अनुभव बघता तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण लग्नाच्या दिवशी मेकअपला आलेल्या ताईंनी पेटी उघडता उघडता विचारलं, “नवरी गव्हाळ ना?” आणि आत्या म्हणाली, “हो, पण जरा उजळच दिसू दे.” मग माझ्या तोंडाला जे लागलं ते लागलं.

अल्बम आला तेव्हा मी तो एकदा पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. चेहरा राख फासल्यासारखा, मान तपकिरी, आणि हनुवटीखाली पट्टीने आखावी तशी रेघ. मंगळसूत्र बांधतानाच्या जवळून काढलेल्या फोटोत ती रेघ सगळ्यात जास्त दिसते. दहा वर्षं घरात त्या दिवसाचा एकही फोटो लावला नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न २०२३ च्या डिसेंबरमध्ये करायचं ठरलं. हाताशी सहा महिने होते. या वेळी माझ्या रंगाचं फाउंडेशन, म्हणजे चेहरा एकसारखा दिसावा म्हणून लावायचा रंग, मीच शोधायचं, असं पक्कं ठरवलं.

पहिली चक्कर लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात. तिथल्या मुलीने माझा हात धरला, मनगटामागे तीन पट्टे ओढले, एक बोटाने पसरवला आणि म्हणाली, “हा एकदम परफेक्ट, मॅडम. लावल्यावर चेहरा उठून दिसेल.” साडेसातशे रुपये देऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी लावून गॅलरीत उभी राहिले तर चेहरा गुलाबीसर पांढरा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली यातलं काहीच दिसलं नव्हतं. खरं तर हे मला कळायला हवं होतं. साडी घेताना आपण पदर हातात धरून दुकानाच्या दाराशी जातोच ना, उजेडात रंग बघायला? दिव्याखाली जांभळा वाटलेला पदर बाहेर मोरपंखी निघतो. चेहऱ्यासाठी मात्र तेवढे तीन पायऱ्यांचे कष्ट मी घेतले नव्हते.

हातावर रंग बघायचा हा प्रकारही मला तेव्हाच नडला. मी रोज वीस किलोमीटर स्कूटर चालवते. पुण्यातल्या मुलींसारखा स्कार्फ बांधते, म्हणजे गाल आणि हनुवटी झाकलेली, डोळ्यांच्या वरची कपाळाची पट्टी उघडी, आणि हातमोजे आळसाने राहिलेले. त्यामुळे माझे हात गालांपेक्षा दोन छटा काळे, कपाळ गालांपेक्षा एक छटा काळं, आणि गळा यांच्या मधला. एकाच बाईच्या अंगावर चार रंग. त्यातला कुठला बाटलीत हवा?

याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, पण इथेच सांगून टाकते: गळ्याचा आणि गळ्याखालच्या छातीचा. ब्लाउजच्या गळ्यातून दिसतो तो. चेहरा त्याच्याशी जुळला की माणूस एकसंध दिसतो. म्हणून पट्टा ओढायचा तो जबड्याच्या हाडावर, गालावरून खाली मानेपर्यंत. जो पट्टा शोधावा लागतो तो आपला.

पुढचे दोन महिने मी ‘अंडरटोन’ या शब्दामागे घालवले. आपल्याकडे याला झाक म्हणतात. रंग गडद की फिकट ही एक गोष्ट, आणि त्याच्या आत पिवळी झाक आहे, लालसर आहे की हिरवट, ही दुसरी. मनगटाच्या शिरा बघा, निळ्या असतील तर थंड म्हणजे गुलाबीसर झाक, हिरव्या असतील तर उबदार म्हणजे पिवळसर, असं सगळीकडे सांगतात. माझ्या डाव्या मनगटावर एक शीर हिरवी, शेजारची निळी, आणि उजव्या मनगटावर धड दिसतच नाहीत. सावळ्या कातडीवर ही चाचणी भरवशाची नाही, हे मी ठामपणे सांगते. सोनं शोभतं की चांदी ही दुसरी चाचणी. आमच्या घरात गळ्यात सोनं आणि पायात चांदी, दोन्ही शोभतं. ते सोडून द्या.

बाटल्यांवरच्या खुणाही वाचायला शिकावं लागलं. मॅक या मेकअप कंपनीच्या शेडमध्ये ‘एनसी’ आणि ‘एनडब्ल्यू’ अशी अक्षरं असतात. सी म्हणजे कूल आणि डब्ल्यू म्हणजे वॉर्म, म्हणून उबदार झाकेच्या बाईने डब्ल्यू घ्यावं असं वाटतं. आहे उलटं. पिवळ्या, सोनेरी झाकेसाठी एनसी आणि गुलाबी झाकेसाठी एनडब्ल्यू. बाकी कंपन्यांची नावं म्हणजे हनी, कॅरॅमल, आल्मंड, सँड. एकाचा मध दुसऱ्याच्या मधाशी जुळत नाही. गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या कंपनीने २०१७ मध्ये एकदम ४० शेड बाजारात आणल्या, त्यानंतर इतर कंपन्यांनीही गडद बाजूला हात सैल सोडला आणि आता निवड पुष्कळ वाढली आहे. फेअर अँड लव्हलीच्या नावातलं ‘फेअर’ २०२० मध्ये गेलं. पण गिऱ्हाइकाच्या हातात तिच्या रंगापेक्षा दोन घरं फिकट बाटली ठेवायची सवय मला अजून दुकानादुकानांत दिसते, आणि तिचा मला मनापासून राग येतो.

ऑगस्टमध्ये अप्पा मिरजेहून आले. माझे वडील अडतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवायचे. मी गॅलरीत जबड्यावर तीन पट्टे ओढून आरसा धरून उभी होते. ते पेपर बाजूला ठेवून आले आणि बराच वेळ माझ्याकडे एखाद्या कॅनव्हासकडे बघावं तसं बघत राहिले.

“हे तिन्ही मेलेले रंग आहेत,” ते म्हणाले.

“मेलेले म्हणजे?”

“अगं, पांढरं घातलंय यात. पांढऱ्याने रंग उजळ होत नाही, खडूसारखा होतो. सावळं माणूस रंगवताना पोरं हीच चूक करायची. उजेड दाखवायचा तर पिवळं वाढवावं लागतं.”

मग त्यांनी बाटली मागितली, चष्मा कपाळावर चढवला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागले. सीआय ७७८९१, सीआय ७७४९२, सीआय ७७४९१, सीआय ७७४९९. हे आकडे मी कधी वाचलेच नव्हते. आम्ही बसून शोधले, तर ते रंगद्रव्यांचे क्रमांक निघाले. पहिला टायटॅनियम डायॉक्साइड, म्हणजे पांढरा. पुढचे तीन लोहाचे ऑक्साइड : पिवळा, लाल आणि काळा. अप्पा एकदम खुश झाले. “म्हणजे पिवडी आणि काव! आमच्या घराच्या भिंतीला खालून काव आणि पिवडीचेच पट्टे असायचे की.”

खरंच, पिवडी आणि काव या लोहाच्या ऑक्साइडांच्याच माती आहेत. फाउंडेशनमधले कारखान्यात बनवलेले, इतकाच फरक. जवळपास कुठलीही बाटली उचला, मुख्य रंग हे चारच. फिकट शेडमध्ये पांढरं जास्त, गडद शेडमध्ये बाकीचे तीन जास्त. माझ्या लग्नातला चेहरा राखाडी का दिसला ते मला त्या दुपारी कळलं. पांढऱ्याचा थर आणि त्याखालून डोकावणारी माझी सावळी कातडी. तपकिरीवर पांढरं पातळ फिरवलं की राख दिसते. अप्पांनी ते मला कागदावर ब्रशने करूनही दाखवलं. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा एक चौकोन रंगवला, वाळू दिला आणि त्यावरून पांढऱ्याचा एक हात फिरवला. तो निळसर राखाडी चौकोन हुबेहूब माझ्या अल्बममधला होता.

“तुझ्यात पिवडी जास्त, काव कमी, आणि जबड्याखाली थोडं हिरवं,” असं त्यांनी निदान केलं. दुकानाच्या भाषेत त्याला ऑलिव्ह म्हणतात. गुलाबी शेड माझ्यावर का उपरी दिसते आणि केशरी का भडकते, तेही यातच आलं. गव्हाळचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, “आपल्याकडचा खपली गहू लालसर, लोकवन पिवळसर. तुझ्या आईने कुठला गहू लिहिला होता, ते तिलाच विचार.”

सप्टेंबरमध्ये एका मॉलमधल्या काउंटरवर गेले. या वेळी दुपारी बारा वाजता, चेहरा धुऊन, नुसतं मॉइश्चरायझर लावून, आणि पर्समध्ये कुंकवाची एक रिकामी, स्वच्छ डबी घेऊन. तिथल्या दादाला सांगितलं, “मला फिकट काही दाखवू नका. पिवळसर-हिरवट झाकेतल्या तीन द्या, एक मला गडद वाटेल अशीसुद्धा चालेल.” त्याने न कुरकुरता जबड्यावर तीन पट्टे ओढले. मी बाहेर पार्किंगजवळ जाऊन अर्धा तास बसले. हा अर्धा तास महत्त्वाचा. त्यातलं पातळ द्रव्य उडून जातं, कातडीचं तेल रंगात मिसळतं आणि रंग छटाभर गडद होतो. दुकानात याला ‘ऑक्सिडाइज झालं’ म्हणतात. भिंतीचा ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, तसंच. अर्ध्या तासाने पहिला पट्टा केशरी झाला होता. दुसरा जवळपास गायब. तिसरा, मी गडद म्हणून मागितलेला, गळ्याजवळ अजिबात दिसत नव्हता आणि गालावर किंचित दिसत होता.

परत आत जाऊन दुसऱ्या आणि तिसऱ्याचा थोडा थोडा नमुना डबीत भरून घेतला. घरी चार दिवस वेगवेगळ्या वेळी लावून बघितलं : सकाळी कामावर, दुपारी उन्हात, रात्री मोबाइलचा फ्लॅश मारून. फ्लॅशमध्ये बघणं लग्नघरासाठी गरजेचं आहे, कारण काही पांढऱ्या पावडरी आणि सनस्क्रीन फ्लॅशखाली चेहऱ्यावर पांढरे डाग पाडतात. शेवटी दोन्ही बाटल्या घेतल्या. खर्च झाला, हे खरं आहे. पण माझा रंग दोघींच्या मधोमध होता, आणि मधली शेड कुणी बनवतच नव्हतं.

ओठांच्या कडांना आणि डोळ्यांखाली माझा रंग मुळातच काळसर आहे. आपल्याकडे अनेकींचा असतो. त्यावर फिकट फाउंडेशन थापलं की पुन्हा तीच राख. आधी केशरी करेक्टरचा अगदी पातळ हात द्यायचा, निळसर काळेपणा दबतो, मग वरून आपली शेड. मसुराएवढं पुरतं.

लग्नाच्या दिवशी मी स्वतःच तयार झाले. मेकअपवाल्या ताई बहिणीला तयार करत होत्या. त्यांनाही आम्ही आधीच घरी बोलावून, गॅलरीच्या उजेडात बहिणीच्या जबड्यावर पट्टे ओढून शेड ठरवली होती. आत्या आत आली, तिच्याकडे बघून म्हणाली, “जरा उजळ...” आणि आई पटकन म्हणाली, “नको. आहे तोच रंग हवाय तिला.”

त्या दिवशीचा अप्पांचा, आईचा आणि आम्हा दोघी बहिणींचा फोटो दिवाणखान्यात लावला आहे.

बाटल्यांच्या खोक्यावर मी पेनाने लिहून ठेवलंय : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फिकट दोन थेंब, गडद एक. मार्च ते जून, फिकट एक, गडद दोन. पावसाळ्यात एकास एक. दर ऋतूच्या सुरुवातीला जबड्यावर पुन्हा पट्टा ओढून बघते. यंदा हातमोजेही घ्यायचे ठरवलेत, आणि ते घातले तर निदान हातांपुरता हिशोब बदलणार आहे.