पायांनी विझवलेली मेणबत्ती

रुआबन स्टेशनवर उतरून बस धरली आणि डी नदीच्या काठावरच्या लॅन्गॉथ्लेनला पोचलो. त्या नावातला 'थ्ल' खरं तर लिहिता येत नाही. जीभ 'ल'च्या जागी टेकवून कडेने नुसती हवा सोडायची. शेजारी बसलेल्या आजींनी तीनदा म्हणून दाखवला. आपल्या तोंडात 'ळ' असूनही मला तो जमला नाही.

वेल्समधल्या या चिमुकल्या गावात दर जुलैमध्ये जगभरचे गायक आणि नर्तक जमतात. दुसरं महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली, तेव्हा १९४७ साली हा महोत्सव सुरू झाला. १९४९ मध्ये तर चक्क जर्मनीतल्या ल्यूबेकचे गायक आले आणि लोकांनी त्यांना आपलं म्हटलं. हे वाचल्यापासून मला इथे यायचंच होतं.

दिवसभर मी फक्त पाय पाहिले. मॉरिस या इंग्लंडच्या लोकनृत्यातल्या नर्तकांचे घुंगरू घोट्यावर नसतात, गुडघ्याखालच्या पट्टीवर असतात. आयरिश मुलींचे हात अंगाला चिकटलेले, सगळं बोलणं पायांचं. जॉर्जियाचे पुरुष मऊ बुटांत, बोटं दुमडून त्यांच्या पेरांवर उभे राहतात. माझेच पाय दुखले! त्यांच्या स्त्रियांचे पाय मात्र दिसतच नाहीत. घोळदार झगा पाण्यावरून सरकावा तसा सरकतो.

आणि मग वेल्सचा क्लॉग नाच. लाकडी तळाचे जोडे, मागे हार्प. एक मुलगी आली, जमिनीवर पेटती मेणबत्ती ठेवली, तिच्याभोवती ठेका धरला, उंच उडी घेतली आणि हवेतच दोन्ही जोडे जुळवून ज्योत विझवली. मेणबत्ती हललीसुद्धा नाही. मंडपात क्षणभर कुणी टाळी वाजवेना.

अठराव्या शतकात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली आणि वेल्समध्ये नाचणं पाप ठरलं. कितीतरी नाच तेव्हा बुडाले. हा मात्र तगून राहिला, आणि त्यात भटक्या रोमानी (जिप्सी) कुटुंबांचाही हात होता. ज्यांना गावाने कायम वेशीबाहेरचं मानलं, त्यांनी गावाचा नाच सांभाळला. मला हे फार मोठं वाटतं.

संध्याकाळी मंडपामागे पंजाबहून आलेला एक ढोलवाला वाद्य आवळत होता. त्याने सहज भांगड्याची चाल धरली. पलीकडे जोडे सोडत बसलेली तीच मुलगी थांबली, नाडी पुन्हा बांधली आणि लाकडी फळीवर उभी राहिली. त्याच्या डग्ग्याचा, म्हणजे जाड काठीचा, ठोका घुमला की तिची टाच पडायची, तिल्लीच्या, म्हणजे पातळ छडीच्या, बारीक बोलांना चवड्याचं उत्तर. ओळख नाही, तालीम नाही. दहा मिनिटं आम्ही आठ-दहा जण श्वास धरून उभे होतो.

थांबल्यावर त्याने खुणेनेच तिचा जोडा पाहायला मागितला. तिने काढून दिला. त्याने तो दोन्ही हातांत तोलला, उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. तळाची आतली कड काजळीने काळी झाली होती.